काकी गिऱ्हाईक झाल्या म्हणून

कुंदाकाकी घरत यांचं नाव सगळ्यांत आधी घेतो. आईवडिलांचं आधी घ्यायला हवं होतं, असं आमच्या गावाकडचे म्हणतील आणि त्यांचं बरोबरच आहे. पण आईवडिलांनी मला पदवीपर्यंत पोचवलं. पदवीनंतर वीसेक वर्षांनी मी एका परीक्षेत नापास झालो आणि धंदा सोडायला निघालो, तेव्हा मला पुन्हा अभ्यासाला बसवलं ते काकींनी. त्या माझ्या नात्यातल्या कोणी नाहीत. उलव्यात माझं इस्टेट एजन्सीचं दुकान ज्या गाळ्यात आहे, त्या गाळ्याच्या मालकीण.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातला. वडूजच्या कॉलेजातून बी.ए. झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. सुट्टीवर गावी आले की माझी पुस्तकं हातात घेऊन पोतं तोलावं तशी खालीवर करायचे आणि म्हणायचे, "वजन हाय की." आत काय आहे ते त्यांनी कधी विचारलं नाही. पदवी घेऊन मी त्यांच्याच कोपरखैरण्याच्या खोलीवर आलो, सरकारी नोकरीचे अर्ज केले, आणि उत्तरं येईपर्यंत काहीतरी करावं म्हणून नेरूळच्या एका एजंटाकडे घरं दाखवायच्या कामाला लागलो. उत्तरं आली नाहीत. काम राहिलं.

लोकांना वाटतं, एजंट म्हणजे दार उघडायचं आणि दलाली घ्यायची. दार उघडण्याआधीच अर्धं काम झालेलं असतं. पश्चिमेच्या खिडक्यांचं घर सकाळी दाखवायचं की दुपारी, शेजारी कोण राहतं, पाणी किती वाजता येतं, लिफ्टची तक्रार आहे का, हे माहीत करून घ्यावं लागतं. रिकाम्या घरांच्या चाव्या तेव्हा इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याकडे असायच्या. कुठला एजंट कुणाला घेऊन किती वेळा वर गेला, हे तो न विचारता सांगायचा. "निकमसाहेब, वो कल शाम को तीसरी बार आया, अब लेगा," असं त्याने म्हटलं की ते घर गेलं समजायचं.

गिऱ्हाइकांचे तर किती नमुने सांगू! कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं एक व्यापारी कुटुंब होतं. घर पसंत करायचा अधिकार त्यांच्या आजींचा. आजी खिडकी बघत नसत, किचन बघत नसत. बेडरूममध्ये जायच्या, पदराची घडी डोक्याखाली घ्यायच्या आणि फरशीवर आडव्या व्हायच्या. सगळे हॉलमध्ये गप्प उभे. थोड्या वेळाने आतून आवाज यायचा, "नको. इथं झोप नाही." अशी आम्ही बरीच घरं नापास केली. खारघरच्या एका घरात आजी आत गेल्या आणि आवाजच आला नाही. सून घाबरून डोकावली, तर आजी घोरत होत्या. त्या उठेपर्यंत आम्ही हॉलमध्ये मांडी घालून बसलो. तेच घर त्यांनी घेतलं. अजूनही दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचा डबा येतो.

असं बरं चाललं होतं. नेरूळहून मी उलव्याला आलो, कारण नवीन इमारती इकडे उभ्या राहत होत्या. तिथल्या गावठाणातल्या कुंदाकाकींनी त्यांच्या इमारतीतला रस्त्याकडचा गाळा मला भाड्याने दिला. काकी आगरी, वयाने सत्तरीच्या आसपास, गावाची शेती नव्या शहरात गेली ती त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. जमिनीच्या बदल्यात कुटुंबाला जो भूखंड मिळाला, त्यावर एका बिल्डरने इमारत बांधायला घेतली होती आणि काकींच्या वाट्याला त्यात काही फ्लॅट येणार होते. एजंट लोकांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्या दिरांचा फ्लॅट एका एजंटाने दोन जणांना दाखवून दोघांकडून टोकन घेतलं होतं, आणि मग तो पुन्हा कधी दिसला नाही. पहिल्याच दिवशी काकींनी मला सांगितलं, "सातारकर, गाला दिलाय. पन माजा फ्लॅट इकाया तुना देनार नाय. आधी सरकारचा कागद दाखव, मंग बगू."

सरकारचा कागद म्हणजे परवाना. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. रेरा कायदा आल्यापासून नव्या गृहप्रकल्पातलं घर विकून द्यायचं तर एजंटाची नोंदणी लागते. सुरुवातीला ही नोंदणी अर्ज आणि फी भरून व्हायची. ती माझ्याकडे होती. पुढे नियम आला की आधी प्रशिक्षण घ्या, मग परीक्षा द्या. पास झाल्याचं प्रमाणपत्र असेल तरच नोंदणी मिळेल, जुनी असेल तरी. आमच्या लाइनीत खळबळ उडाली. ज्यांनी शाळा सोडून युगं लोटली होती, त्यांना पेपर सोडवायचा होता. समोरच्या दुकानातला शेट्टी फक्त भाड्याच्या घरांची एजंटगिरी करायचा, त्याला परीक्षा नव्हती; तो तेव्हा रोज टोमणे मारायचा. "क्या निकम, दप्तर लिया क्या? वॉटरबॅग?"

मी हसण्यावारी न्यायचो. मी पदवीधर होतो, बाकीच्यांसारखं मला काय टेन्शन, हे मनात होतंच.

प्रशिक्षणात पहिला झटका बसला. मी मराठी माध्यम निवडलं होतं, कारण शिक्षण मराठीतलं. पण धंदा सगळा इंग्रजी शब्दांत केलेला. शिकवणारे सर 'प्रवर्तक' म्हणायला लागले तेव्हा मला वाटलं, कुठल्या चळवळीबद्दल बोलतायत. प्रवर्तक म्हणजे बिल्डर! इतकी वर्षं मी त्यांच्याच केबिनमध्ये बसून चहा पीत होतो. 'वाटपग्राही' म्हणजे घर घेणारा. 'चटई क्षेत्र' म्हणजे कार्पेट एरिया. शब्द पाठ केले आणि झालं, असं मला वाटलं.

परीक्षा महाप्याच्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये होती. आजूबाजूला बहुतेक पोरं-पोरी, बिल्डरांच्या सेल्स ऑफिसात काम करणारी. आमच्या वयाचे आम्ही चार-पाच जण एकमेकांकडे बघून उगाच घसा खाकरत होतो. पेपर पडद्यावर. प्रश्न वाचला की चार उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. आणि गंमत अशी की मला जवळजवळ सगळी उत्तरं येत होती. विचारही करावा लागत नव्हता. करारनामा नोंदवण्याआधी घर घेणाऱ्याकडून जास्तीत जास्त किती आगाऊ रक्कम घेता येते? आमच्या भागात वीस टक्के घेतात. मी वीसवर बोट ठेवलं. चटई क्षेत्रात काय काय धरायचं? आम्ही बाल्कनी धरतो. मी बाल्कनी धरली. घर ताब्यात दिल्यावर गळती निघाली तर? सोसायटी बघते. मी सोसायटी निवडली. वेळेच्या बऱ्याच आधी पेपर संपवून बाहेर आलो, टपरीवर चहा घेतला, आणि बायकोला फोन करून सांगितलं, "सोपा होता गं."

नापास झालो. थोडक्यात हुकलो असतो तर मनाला समजावलं असतं. मी सपशेल आपटलो होतो. घरी प्रश्न आठवून पुस्तकाशी ताडून पाहिले तेव्हा उमगलं. मी बाजारात जे चालतं ते लिहिलं होतं, आणि पेपरात कायदा काय म्हणतो ते विचारलं होतं. माझा सगळा अनुभव माझ्याच विरुद्ध गेला. त्या पोरांना अनुभव नव्हता, म्हणून ती पास झाली.

शेट्टीला कुणी सांगितलं देव जाणे. पण त्याने टोमणा मारला नाही, उलट चहा पाठवला. त्याने मला जास्त लागलं.

जुन्या नोंदणीची मुदत संपत आली होती. ती संपली की नव्या इमारतींचं काम बंद. भाड्याची दोन-चार घरं फिरवून दुकान चालणार नव्हतं, कारण उलव्यात माझा धंदाच नव्या इमारतींचा होता. बायकोचा भाऊ उरणच्या एका गोदामात होता. त्याने सुपरवायझरची जागा बघून ठेवली. "दाजी, कंटेनर मोजायचे, दुसरं काय नाय. कुणाला पटवायचं टेन्शन नाय," तो म्हणाला. मुलगी दहावीला होती. मी होकार द्यायचं ठरवलं आणि गाळा सोडतो हे सांगायला काकींकडे गेलो.

काकी जिन्याच्या तोंडाशी सूप घेऊन जवळा, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "नापास झालास ते कलला. पन कशात झालास?"

"उत्तरं चुकली, काकी."

"म्हंजी तुना येत नव्हता?"

"येत होतं. पण जे येत होतं ते चुकीचं होतं."

आता मात्र त्यांनी वर पाहिलं. "हा असा कसा? मना समजंल असा सांग."

मी टक्क्यांचं सांगितलं, बाल्कनीचं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले. "थांब," त्या म्हणाल्या. "बिल्डरनी माज्याशी हेच केलान. फ्लॅट हजार फुटांचा बोलला. मी आत जाऊन बगतंय तं पलंग ठेवला का दरवाजा उगडत नाय. हजार कुटं गेलं?"

"काकी, तो सुपर बिल्टअप बोलतो. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, गच्ची, सगळं वाटून तुमच्या नावावर घालतो."

"जिन्यान मी काय झोपू?"

"नाही. कायदा म्हणतो, आतल्या भिंतींसकट घरातली जी वापरायची जागा, तीच धरायची. बाहेरच्या भिंती नाहीत, बाल्कनी नाही."

हे मी त्यांना सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं, की पेपरात नेमका हाच प्रश्न मी चुकवला होता. पुस्तकातली ती ओळ मी अनेकदा वाचली होती, पण मोठ्याने कुणाला सांगितली नव्हती. काकींच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी सूप बाजूला सारलं. "उद्यापासून दुकान बंद केलास का हितं येवाचा. मी गिऱ्हाईक. तू एजंट. बगू कसा इकतंस ते."

"काकी, माझा निर्णय झालाय. उरणला—"

"उरण कुटं पलून जात नाय."

मग रोज संध्याकाळी जिन्यावर आमचा बाजार भरायला लागला. काकी कधी नवरा-बायकोपैकी बायको व्हायच्या ("ह्यो बाजूला माजा नवरा बसलाय समज, त्यो बोलत नाय, पन पैसं त्याचं हायत"), कधी दुबईहून आलेला माणूस, कधी सातारची म्हातारी. सातारची म्हातारी करताना मला चिडवायला माझ्यासारखंच बोलायच्या. नियम एकच होता. मी कायद्याप्रमाणे उत्तर द्यायचं आणि ते त्यांना पटायला हवं. मी 'वाटपग्राही' म्हटलं की जवळ्याची मूठ माझ्याकडे उडायची. "मानसासारका बोल!"

एकदा त्या म्हणाल्या, "सायेब, मी अर्दं पैसं आज देतंय. घर माज्या नावान लिवून ठेवा."

जुन्या सवयीने माझ्या तोंडून "उत्तम!" निघालं.

"काय उत्तम?" त्या कडाडल्या. "अर्दं पैसं घेतलास न् उद्या पललास तं? माज्या दिराचा झाला तसा?"

"चुकलो. काकी, किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घ्यायचं असेल, तर आधी करारनामा करून त्याची नोंदणी करायला हवी."

"हां. मंग आदी तो कर."

दुसऱ्या दिवशी त्या पावसात गळणाऱ्या घराच्या मालकीण झाल्या. घर घेऊन तीन वर्षं झाली, भिंतीला भेग पडली, कुणाकडे जाऊ? मी सांगितलं, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला असा दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरने करायची, तीही फुकट.

"फुकट?" काकींनी नाटक सोडून विचारलं. "हे खरा हाय, का पेपरापुरता?"

"खरं आहे."

"मंग इतकी वर्सं कोनी सांगितला कसा नाय?"

आम्ही एजंट लोक घर विकायचो. घर घेतल्यावर काय, हे आमच्याच ध्यानात नसायचं. आज वाटतं, त्या काळात ज्यांना मी घरं दिली त्यांतल्या कितीतरी जणांना हे एक वाक्य उपयोगी पडलं असतं.

हळूहळू जिन्यावर गर्दी व्हायला लागली. वरच्या मजल्यावरच्या बाया भाजी निवडायच्या निमित्ताने येऊन बसायच्या आणि काकींच्या बाजूने प्रश्न विचारायच्या. एकीने तर मध्येच खरीखुरी आपल्या फ्लॅटची तक्रार मांडली. काकी म्हणाल्या, "तू गप. आज गिऱ्हाईक मी हाय."

दुसऱ्यांदा महाप्याला गेलो. पडद्यावर प्रश्न आला की मी उत्तर शोधत नव्हतो. हा प्रश्न काकींनी विचारला असता तर जिन्यावर काय सांगितलं असतं, एवढंच आठवत होतो. बोट जुन्या उत्तराकडे जायचं आणि जवळ्याचा वास आल्यासारखं होऊन थांबायचं. वेळ पूर्ण होईपर्यंत बसलो. बाहेर आल्यावर कुणालाच फोन केला नाही.

निकाल मोबाइलवर पाहिला तो दुकानात, एका गिऱ्हाइकासमोर. पास. गिऱ्हाईक विचारत होतं, "पार्किंग कव्हर्ड आहे का?" मी त्यांना पाणी दिलं, स्वतः पाणी प्यायलो, आणि दारात जाऊन उभा राहिलो. खांद्यावरून काहीतरी उतरवून ठेवल्यासारखं वाटत होतं. वडील पोतं उतरवल्यावर दोन्ही हात लांब करून मान मागे टाकायचे, तसंच मी भर रस्त्यावर केलं. शेट्टी समोरून ओरडला, "पास?" मी मान हलवली. त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकांना सोडून येऊन मला मिठी मारली. पुढच्या बॅचला त्याने स्वतःचं नाव घातलं आहे, आणि आता टोमणे मी मारतो.

उरणच्या मेव्हण्याला नाही म्हणून कळवलं. नव्याने नोंदणी झाली. त्यानंतर धंदा कसा बदलला हे विचाराल, तर गिऱ्हाईक थोडं कमी झालं आणि झोप वाढली. कुणाला काय सांगितलं होतं हे लक्षात ठेवावं लागत नाही, कारण सगळ्यांना तेच सांगतो. बिल्डरची माणसं अजून म्हणतात, "निकम, तू आधी असा नव्हतास रे, काय झालं तुला?" मी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवतो. खंत एवढीच, की माझ्याबरोबर खाकरणाऱ्या त्या चार-पाच जणांपैकी दोघांनी धंदा सोडला. हुशार माणसं होती. त्यांना जिना मिळाला नाही.

निकाल लागला त्याच महिन्यात काकींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्या लेकीकडे अलिबागला गेल्या. जाताना शब्द पाळला. नव्या इमारतीतल्या त्यांच्या वाट्याच्या एका फ्लॅटची चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "ह्यो तूच इक. हजारचा हाय." मी काही बोलणार, एवढ्यात रिक्षा सुरू झाली. काकींना आता कमी ऐकू येतं. फोनवर बोलणं होत नाही, म्हणून मी पत्र लिहिलं. त्यांची नात वाचून दाखवते. त्या पत्राची नक्कल इथे देतो.

*

ती. कुंदाकाकींना,

संपतचा साष्टांग नमस्कार.

गुडघे कसे आहेत? डॉक्टर सांगतील तेवढंच चाला. जिन्यावर तुमची जागा रिकामी आहे. वरच्या बाया येऊन बसतात, पण प्रश्न विचारायला कुणी नाही, म्हणून लवकर उठून जातात.

दुकानाच्या पाटीवर नोंदणीचा नंबर रंगवून घेतला. नंबर इतका लांब आहे की पेंटरने विचारलं, "ही कुठली गाडी हो?"

आता मुद्द्याचं लिहितो. तुमचा फ्लॅट मी एका जोडप्याला दाखवला. दोघं महाप्याला नोकरी करतात. चांगली माणसं आहेत, वाद घालणारी आहेत. त्यांनी किती जागा आहे म्हणून विचारलं. काकी, तुम्ही हजार सांगायला सांगितलं होतंत. मी हजार सांगितलं नाही. प्रकल्पाच्या नोंदणीत तुमच्या फ्लॅटचं जे चटई क्षेत्र दिलं आहे, ते सांगितलं. ते हजारच्या जवळपासही नाही, हे तुम्हाला माहीत आहे; पलंग ठेवला की दार उघडत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. हजार म्हणून तुम्हाला बिल्डरने दिलं, म्हणून तुम्हीही हजार म्हणून द्यावं असं तुम्हाला वाटलं असेल. त्यात तुमचा दोष मी धरत नाही. पण त्या बाईंनी विचारलं तेव्हा मला समोर तुम्हीच बसल्यासारखं झालं. दुसरं उत्तर देता आलं नाही.

त्यांनी स्वतःची टेप आणली होती. सगळं मोजलं. मी सांगितलेल्याशी जुळलं तेव्हा त्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अरे, पहिल्यांदाच कुठेतरी जुळलं." रविवारी ते आईवडिलांना घेऊन पुन्हा येतायत. आता ते भाव खऱ्या जागेवर मागतील. तुम्ही मनात जो आकडा धरला असेल, त्याहून तो कमी होईल. हे आधी सांगणं माझं काम आहे.

तुमचा निर्णय तुमचा. तुम्हाला हे पसंत नसेल तर चावी मी स्वतः अलिबागला आणून देईन आणि गाळ्याबद्दलही तुम्ही म्हणाल ते मान्य करीन. मनात राग धरणार नाही. तुमच्यामुळे मी आज या खुर्चीत बसलो आहे, हे माझी मुलगीसुद्धा सगळ्यांना सांगत असते.

फक्त एक विनंती आहे. हो किंवा नाही, जे असेल ते नातीकडून कागदावर लिहून घ्या आणि खाली तुमची सही करा. फोनवर ऐकू आलं नाही की तुम्ही "हां, हां" म्हणता. तो मी होकार धरणार नाही.

आपला,
संपत